दगडाची भांडी आणि वाळूची धार

मागच्या अंकात एका जुन्या इजिप्शियन भांड्याचा फोटो टाकला होता, पाच हजार वर्षांपूर्वीचं, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या दगडातून कोरलेलं, गळ्याशी दोन छोटे कान आणि त्या कानांना आरपार भोकं. फोटोखाली चारच ओळी लिहिल्या होत्या, पण पत्रं इतकी आली की यावेळचा सगळा कॉलम त्या भांड्यांनाच देतोय. काही प्रश्नांना जास्त जागा गेलीय, काहींना कमी, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न (परळी वैजनाथहून एक शिक्षक): माझा मुलगा दहावीत आहे. त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात म्हणतात की ही भांडी हातानं होणं शक्यच नाही, तांब्याच्या हत्यारानं ग्रॅनाईट कापला जात नाही, म्हणजे तेव्हा एखादी मशीन असणार जी नंतर हरवली. मी इतिहास शिकवतो पण मला उत्तर देता आलं नाही. काय सांगू त्याला?

उत्तर: सर, पोराचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, तो आधी मान्य करून टाका. तांब्यानं ग्रॅनाईट कापला जात नाही. दगडधातूंचा कठीणपणा मोजायची जी मोस स्केल आहे तिच्यावर तांबं ३ च्या आसपास येतं, ग्रॅनाईटमधला फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७. मऊ वस्तू कठीण वस्तूला कापत नाही, इथपर्यंत व्हिडिओ खरा आहे.

पण कापायचं काम तांब्याकडं नव्हतंच, ते वाळूकडं होतं. इजिप्तच्या वाळवंटातली वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, कठीणपणा ७. तांब्याची पोकळ नळी दगडावर उभी धरायची, तिच्याखाली वाळू टाकायची आणि नळी फिरवत राहायची. तांबं मऊ असल्यामुळंच वाळूचे कण त्याच्यात रुततात, काही कण मोकळे लोळतात, आणि हे सगळे मिळून खालचा दगड कणाकणानं खरवडतात. म्हणजे तांब्याचा मऊपणा इथं अडचण नाही, उपयोगाचा आहे. नळी झिजते, वाळूचं पीठ होतं, दोन्ही बदलत राहायचं. तासाला काही मिलिमीटर एवढीच प्रगती होते, पण होते. नळी पोकळ असल्यामुळं मधे दगडाचा एक खांब उरतो, तो ठोकून मोडायचा की भांड्याचं तोंड उघडलं.

आता पोरगा पुढं विचारील की तोंड अरुंद आणि पोट मोठं, ते आतून कसं कोरलं? तर त्यासाठी वेगळं गिरमिट होतं. एक लाकडी दांडा, वर वाकडी मूठ, मुठीखाली दोन बाजूंनी बांधलेले दगड म्हणजे वजनानं दाब पडावा, आणि खालच्या टोकाला बेचकं. बेचक्यात कठीण दगडाचा एक तुकडा आडवा अडकवायचा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा मधे चिमटलेला, म्हणजे बेचकं तिथं घट्ट बसतं. आधी लहान तुकडा, मग त्याहून लांब, मग आणखी लांब, असं करत पोट रुंदावत न्यायचं आणि खाली तळाकडं जाताना परत लहान. वाळू इथंही लागतेच. हे तुकडे उत्खननात सापडलेत. भांड्यांच्या आतल्या भिंतीवर वर्तुळाकार ओरखडे आजही दिसतात, आणि अर्धवट सोडलेली भांडी सापडलीत ज्यांची बाहेरची बाजू घडवून झालीय आणि आत कोरायचं राहून गेलंय. कैरोजवळच्या सक्काऱ्याला मेरेरुका नावाच्या अधिकाऱ्याची समाधी आहे, सहाव्या घराण्याच्या काळातली, तिच्या भिंतीवर भांडी कोरणारे कारागीर हे गिरमिट फिरवताना कोरून ठेवलेत. मशीन हरवली वगैरे काही नाही, मशीनचं चित्र भिंतीवर आहे.

डेनिस स्टॉक्स नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकानं हे सगळं स्वतः हातानं करून पाहिलं, तांब्याच्या नळ्या, दगडाची वजनं, वाळू, सगळं तसंच, आणि दगडाची भांडी कोरून दाखवली. त्याच्या आधी, १८८० च्या सुमारास ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री गिझाला पिरॅमिडची मोजणी करत होते तेव्हा त्यांना ग्रॅनाईटचा एक ड्रिल केलेला गाभा मिळाला, त्याच्यावर खोल चरे होते, आणि पेट्रींना वाटलं की ड्रिलच्या टोकाला रत्नं बसवलेली असावीत. पेट्री फार मोठा माणूस, पण तसं रत्न बसवलेलं एकही हत्यार आजपर्यंत सापडलेलं नाही. व्हिडिओवाले पेट्रींचं हे मत सांगतात आणि नंतरचे प्रयोग सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

राहिला मुद्दा भांडी इतकी गोल कशी. आमच्या घरी जातं होतं, कळंबजवळच्या गावात. उन्हाळ्यात वडार बायका गल्लीतून ओरडत यायच्या, जात्याला टाकी लावायची का म्हणून, आणि आजी जातं उघडून द्यायची. मी शेजारी बसून बघायचो. टाकीचे घाव त्या नुसत्या नजरेनं घालायच्या, पट्टी नाही काही नाही, आणि दोन्ही तळ्यांवर ओळी अशा पडायच्या की बोट फिरवलं तरी कमीजास्त लागायचं नाही. आणि तळी सपाट का राहायची, तर मधल्या खुंट्याभोवती एकच फेरा रोज घातला जायचा म्हणून. एका आसाभोवती फिरणारी गोष्ट घासत घासत आपोआप गोल होते. भांड्याचं आतलं कोरीव काम तसंच झालंय. बाहेरची बाजू मात्र हातातल्या दगडांनी घासून, बघून, परत घासून आणलेली आहे, आणि हजारो भांडी करणारा हात किती पक्का होत असंल याचा अंदाज आपल्याला त्या वडार बायकांवरून यायला पाहिजे. आजकाल स्कॅन करून मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) अचूकता सांगतात ती पुष्कळशी भांडी खाजगी संग्रहातली असतात, बाजारातून फिरत आलेली, नेमकी कुठल्या खड्ड्यातून निघाली याची खात्रीची नोंद नसते. पोराला एवढंच विचारायला सांगा की हे भांडं कोणी, कुठं, कधी खणून काढलं.

आणि सर, एक गोष्ट त्याला नक्की सांगा. इजिप्तच्या चित्रलिपीत 'कारागिरी' हा शब्द लिहायचा तर याच गिरमिटाचं चित्र काढायचे. सोनार, सुतार, मूर्तिकार, सगळ्यांच्या हुन्नराची खूण म्हणजे भांडी कोरणाऱ्याचं हत्यार. ज्या लोकांनी आपल्या कारागिराला एवढा मान दिला त्यांच्या हातून ते काम काढून घेऊन अज्ञात मशीनला द्यायचं, हे मला पटत नाही.

प्रश्न (अंबड तालुक्यातून एक शेतकरी): आमच्या रानात खाली सगळा काळा कातळच आहे, विहीर खांदताना जीव जातो. तिकडं पण असाच दगड आहे का? आणि त्याची भांडी केली का त्यांनी?

उत्तर: आहे, आणि केली. तुमच्या रानातला कातळ म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. इजिप्तमध्ये फय्यूमच्या उत्तरेला गेबेल कत्रानी भागात बेसॉल्ट आहे, वयानं आपल्यापेक्षा बराच लहान, पण दगड त्याच जातीचा. बेसॉल्टची उंच निमुळती भांडी त्यांनी फार जुन्या काळी, राजे-राजवाडे व्हायच्या आधी केलीत, इ.स.पू. ३५०० च्या आगंमागं. बाकी दगडांची तर यादी लांब आहे, आस्वानचा ग्रॅनाईट, पूर्वेच्या वाळवंटातल्या वादी हम्मामातचा हिरवट-करडा दगड, अबू सिंबेलच्या पलीकडच्या उजाड रानातला निळसर झाक मारणारा नाइस नावाचा पट्टेरी दगड, तुकडे एकत्र सांधून झालेला लाल-पांढरा ब्रेशिया, स्फटिकसुद्धा. सगळ्यात जास्त भांडी मात्र पिवळसर पांढऱ्या, दिवा मागं धरला तर उजळणाऱ्या दगडाची, म्हणजे अलाबास्टरची, त्याच्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे. तुम्ही विहीर खांदलीय म्हणून तुम्हाला सांगतो, बेसॉल्टच्या एका वितीच्या भांड्याचा आतला दगड काढायला किती दिवस गेले असतील ते तुम्हाला पुस्तक वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळंल.

प्रश्न (लातूरहून एक गृहिणी): एवढी मेहनत करून या भांड्यात ठेवत काय होते? स्वयंपाक करायचे का?

उत्तर: ताई, स्वयंपाक मातीच्या भांड्यात व्हायचा. दगडी भांडी म्हणजे आपल्याकडं चांदीचं ताम्हण किंवा अत्तरदाणी असते तशी, मानाची. त्यात सुगंधी तेलं, मलम, डोळ्यात घालायचं काजळ. दगड थंड राहतो, तेल पाझरत नाही, वास टिकतो. आणि मेल्यानंतरच्या प्रवासाला सोबत द्यायची म्हणून समाधीत ठेवायची.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या घराण्याचा शेवटचा राजा खासेखेमवी, त्याची कबर अबायडोसला पेट्रींनी १९०० नंतर खणली. तिथं छोटी छोटी दगडी भांडी मिळाली, त्यांच्या तोंडावर सोन्याचा पातळ पत्रा झाकलेला आणि गळ्याभोवती सोन्याची तार गुंडाळून बांधलेली, पत्र्याला चुण्यासुद्धा पडलेल्या. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो ना, हुबेहूब तसं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा सोन्याचा दादरा! मी फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आधी आमच्या आईची बरणीच आठवली.

आणि तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरनं उघडली, तिथं दगडी भांड्यांमधलं किमती मलम चोरांनी फार पूर्वी, राजाला पुरल्यावर थोड्याच काळात, काढून नेलं होतं. सोनं जड, पकडलं जातं, पण मलम कातडी पिशवीत भरून नेता येतं. एका भांड्याच्या आतल्या भिंतीवर चोराची बोटं फिरलेली तशीच राहिली होती, तीन हजार वर्षं.

आत काय होतं हे आता तपासताही येतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात इजिप्तच्या दगडाचं एक भांडं आहे, त्याच्यावर इराणचा बादशहा झर्क्सिस याचं नाव चार भाषांत कोरलंय. २०२५ मध्ये त्याच्यातला काळपट राप तपासला तर अफूचे अंश सापडले.

प्रश्न (लातूरहूनच, दुसऱ्या वाचकाचा): अलाबास्टर म्हणजे संगमरवरच ना?

उत्तर: नाही. इजिप्तचा अलाबास्टर म्हणजे कॅल्साइट, पाण्यातून थर बसत बसत झालेला, म्हणून त्याच्यात पट्टे दिसतात. युरोपात ज्याला अलाबास्टर म्हणतात ते जिप्सम, नखानं ओरखडा पडतो इतकं मऊ. कॅल्साइटवर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात, जिप्समवर येत नाहीत. कॅल्साइटची मोठी खाण हातनुबला, त्या नावाचा अर्थच सोन्याचं घर. तिथं २०१८ मध्ये एक तीव्र उताराचा रस्ता उघडा पडला, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांची भोकं, दगड वर ओढायला केलेला, मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूच्या काळातला.

प्रश्न (उदगीरहून एक कॉलेज विद्यार्थी): एका पिरॅमिडखाली चाळीस हजार भांडी सापडली असं वाचलं. एका राजाला एवढी भांडी कशाला? आणि त्याच्यावर दुसऱ्याच राजांची नावं का?

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड, राजा झोसर, इ.स.पू. २६५० च्या सुमाराचा. त्याच्या पूर्व बाजूला ३० मीटरहून खोल उभे खड्डे आहेत आणि खाली आडवे बोगदे. १९३० च्या दशकात क्विबेल आणि ज्याँ-फिलिप लॉयर हे संशोधक तिथं उतरले तेव्हा दोन बोगदे भांड्यांनी खालपासून वरपर्यंत गच्च भरलेले होते. छत खचल्यामुळं बहुतेक फुटलेली. मोजदाद साधारण ४०,००० ची. पुढं लॉयरनं उभं आयुष्य सक्काऱ्यात घालवलं, फुटके तुकडे जोडण्यात कित्येक वर्षं गेली.

आणि नावं झोसरची नाहीत, त्याच्या आधीच्या राजांची आहेत, पहिल्या-दुसऱ्या घराण्यातल्या जवळजवळ सगळ्यांची, अगदी पहिल्या राजापासून, नारमेरपासून. आपल्याकडं लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालतात ना, अमुक यांजकडून सप्रेम भेट, आणि मग ते ताट तीन पिढ्या त्याच घरात फिरतं, नाव पणजोबांचं आणि जेवतोय पणतू. दगडी भांड्यांचं थोडंफार असंच झालं. राजवाड्याच्या, देवळांच्या कोठारात पिढ्यान् पिढ्या साठलेला हा वारसा होता. काही भांड्यांवर एकाखाली एक चार चार राजांची नावं आहेत, देन, अनेदजिब, सेमेरखेत, का, प्रत्येकानं वारसानं आल्यावर आपलं नाव खाली जोडलेलं. त्यामुळं कोण राजा कोणाच्या आधी हे ठरवायला ही भांडी पुराव्यासारखी उपयोगी पडली. आणि काही ठिकाणी सेमेरखेतनं अनेदजिबचं नाव चक्क खरवडून टाकलंय. भांडं ठेवलं, नाव काढलं. भाऊबंदकी म्हणा, गादीचं भांडण म्हणा, कारण काहीही असो, दगडावरचा तो खरवडलेला भाग अजून दिसतो.

झोसरनं ती सगळी आपल्या पिरॅमिडखाली का नेली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते जुन्या राजांच्या कबरी लुटल्या-उद्ध्वस्त झाल्या होत्या आणि त्यानं पूर्वजांची ठेव सन्मानानं सुरक्षित केली, काहींच्या मते कोठारातला साठा आयता उपलब्ध होता तो वापरला. माझा कल पहिल्याकडं आहे, कारण नुसता माल हवा असता तर जुनी नावं पुसून आपलं नाव घालणं त्याला अवघड नव्हतं, आणि बहुतेकांवर त्यानं ते केलेलं नाही.

तू पत्राच्या शेवटी विचारलंयस की नंतर ही कला बुडाली का. कठीण दगडाची भांडी चौथ्या घराण्यापासून कमी होत गेली हे खरं, पण हुन्नर गेला नाही, तो दुसरीकडं वळला. त्याच काळात खाफ्रे राजाचा पुतळा झाला, नाइस दगडातला, डोक्यामागं ससाण्याचे पंख पसरलेले, कैरोच्या म्युझियममध्ये आहे, तो बघितल्यावर कला बुडाली असं कोणी म्हणणार नाही. हात तेच, दगड तोच, फक्त राजाला आता भांड्यांऐवजी मोठे पुतळे आणि पिरॅमिड पाहिजे होते. ज्यांना परवडत नव्हतं ते तर पहिल्यापासून जुगाड करत होते, मातीच्या भांड्यावर ठिपके रंगवून दगडासारखं दाखवायचं. पुढं तर लाकडाची भरीव भांडी रंगवून समाधीत ठेवली, तुतनखामेनच्या पणजी-पणजोबांच्या, म्हणजे युया आणि तुया यांच्या कबरीत तशी आहेत, बाहेरून अगदी दगड.

प्रश्न (पैठणहून एक वाचक): आपल्या भागाचा या सगळ्याशी काही संबंध आहे का, का नुसतं लांबून बघायचं?

उत्तर: त्या जुन्या भांड्यांच्या काळाशी नाही, ओढूनताणून मी जोडणार नाही. पण पुढं, इ.स. पहिल्या शतकात, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात तुमचं पैठण आहे आणि आमच्याकडचं तेर पण आहे, पैठणहून गाड्या भरून ऑनिक्सचा दगड भडोच बंदराला येतो असं लिहिलंय, आणि तेरहून कापड. भडोचवरून जहाजं तांबड्या समुद्रातल्या बेरेनिके, मायोस होर्मोस या इजिप्तच्या बंदरांना जायची. म्हणजे गोदाकाठचा पट्टेरी दगड इजिप्तला पोचत होता आणि तिथले दगड कोरणारे तो हातात घेत असतील. तेरच्या म्युझियममध्ये जाऊन या, सातवाहन काळातल्या वस्तू आहेत, दोन तास काढून जा, घाईत जाऊ नका.

प्रश्न (हिंगोलीहून सातवीतली एक मुलगी): मला असं भांडं करून बघायचंय. घरी होईल का?

उत्तर: होईल बाळा. ग्रॅनाईटच्या मागं लागू नकोस, जिप्समपासून सुरू कर, इजिप्तमध्ये फय्यूमच्या उम्म-एस-सवान इथं जिप्समचीच भांडी करायचे आणि त्यासाठी गारेच्या दगडाची चंद्रकोरीसारखी पाती वापरायचे, ती तिथं ढिगानं सापडलीत. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून स्टीलच्या नको, कागदी ग्लासात ओत, घट्ट झालं की ते जिप्समच होतं. कागद सोलून काढ. आता बांबूची हातभर काठी घे, एक टोक बाबांकडून चिरून घे, चिरेत शेतातल्या गारगोटीची धारदार कपची आडवी बसव आणि सुतळीनं घट्ट आवळ. काठीच्या वरच्या बाजूला दोन्हीकडं सारख्या वजनाच्या दगडाच्या पिशव्या बांध. ग्लासाचा गोळा ओल्या वाळूच्या डब्यात अर्धा पुरून ठेव म्हणजे हलणार नाही, आणि काठी उभी धरून अर्धा फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं असं मनगटानं फिरव. सलग एकाच दिशेनं फिरवायची नाही, अर्धा-अर्धाच. स्टॉक्स यांच्या मते इजिप्तचे कारागीरही असंच फिरवायचे.

पाणी शिंपडत राहा, कोरडं घासू नकोस, दगडाची धूळ फुफ्फुसाला वाईट असते, नाकाला रुमाल बांध आणि अंगणातच बस. कडा जाड ठेव, पहिल्या वेळी बहुतेक फुटेल, मग दुसरा गोळा घे. किती तास लागले ते वहीत लिहून ठेव आणि भांड्याच्या आतल्या बाजूला उजेड पाडून बघ, गोल ओरखडे दिसतील. त्याचा फोटो मला पाठव, पुढच्या अंकात मेरेरुकाच्या भिंतीवरच्या चित्राशेजारी छापतो.